तांदळाचं बेट

कामतघर,
१८ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
मृणालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र धनेशदादाने टेम्पोतून आणून दिलं. मागे कापडाचे ताके होते, त्यामुळे कागदाला अजून खळीचा वास येतोय. तू लिहिलंस की फोनवर आता नुसती घरघर ऐकू येते आणि मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, तेव्हा यापुढे जे काय सांगायचं ते मोठ्या अक्षरात कागदावर सांगा. बालवाडीच्या बाईंचा हुकूम मोडायची हिंमत कुणाची? फक्त चुकांना लाल खुणा करून पत्र परत पाठवू नकोस, एवढीच विनंती.

मी दिवसभर घरात बसून करते काय, असं विचारलंस. नीट सांगते, कारण चाळीतल्या बायकांना मी टायपिंग करते असंच वाटतं. मी नकाशे काढते, पण नसलेल्या बेटांचे. परदेशात लोक कल्पनेतल्या राज्यांच्या गोष्टी लिहितात, घरी टेबलावर तसले खेळ मांडतात, त्यांना खोटा देश लागतो आणि खोट्या देशाला नकाशा लागतो. किनारा हाताने काढला तर तो काढल्यासारखा दिसतो. म्हणून आम्ही एक युक्ती करतो. काळ्या कागदावर मूठभर तांदूळ टाकायचे, वरून फोटो घ्यायचा, आणि फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये तांदळाच्या कडेकडेने रेघ ओढायची. झाला किनारा. मग समुद्र एका लेयरवर, डोंगर दुसऱ्या, नावं तिसऱ्या. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समज. प्रत्येकाच्या शेजारी एक बारीक डोळा असतो. त्यावर टिचकी मारली की डोळा मिटतो आणि तो कागद दिसेनासा होतो. पुसला जात नाही, नुसता दिसत नाही. तांदूळ वाया गेले म्हणून ओरडू नकोस, संध्याकाळी त्याची पेज केली.

आता बाबांचं. आई गेल्यापासून ते गप्पगप्प आहेत हे तुला ठाऊक आहेच. डॉक्टर म्हणाले, आठवण उतरणीला लागली आहे, औषधाने ती चढणार नाही, हाताला आणि डोक्याला काही काम द्या. म्हणून या खेपेला तांदूळ मी त्यांना टाकायला सांगितले. त्यांनी मूठ कमरेपाशी नेली आणि मासे धरायचा पाग टाकावा तशी फिरवून सोडली. पडद्यावर किनारा उमटला तेव्हा स्वतःहून खुर्ची ओढून बसले आणि एकेक ठिकाणावर बोट ठेवत नावं सांगायला लागले. हे बंदर. हा चिंचेचा बांध. ही शिंपल्यांची खडपी. इतके दिवस ज्यांनी चहा हवा की नको एवढंही सांगितलं नव्हतं, ते बाबा. मी सगळी नावं नकाशावर घातली. ज्या लेखिकेचं हे काम आहे तिला ती फार आवडली, तिला वाटलं मी रचली.

बंदराच्या उजव्या हाताला एक छोटी खाडी आत शिरली आहे. तिथे बोट ठेवून बाबा म्हणाले, महादू हितं हाय, न्हाय कुठं गेला. महादूकाका माझ्या जन्माआधी वारले एवढंच मला माहीत आहे. मी तिथे महादूची खाडी असं नाव घातलं. बाबा हसले, आत्या. तुला म्हणून लगेच कळवते आहे.

लोभ आहे तेवढा पुरतो, पण कमी मात्र करू नकोस.

तुझी,
मृणाली


खारबाव,
२१ जानेवारी २०२५

चि. मृणालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचून आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. का ते शांतपणे वाच.

ती नावं दादाने रचलेली नाहीत. बंदर, चिंचेचा बांध, शिंपल्यांची खडपी, ही आपल्या खाडीतली ठिकाणं आहेत आणि ज्या क्रमाने त्याने तुला सांगितली त्याच क्रमाने होडी जाते. बंदरातून निघालं की उजव्या हाताला वळायचं, बांध, मग खडपी, आणि मग काळा डोह. तू ज्याला महादूची खाडी म्हणतेस तो काळा डोह. भरतीला तिथे पाणी गरगर फिरतं. पोहणारा माणूसही तिथे पाय घालत नाही.

महादू वारला असं तुला कुणी सांगितलं कोण जाणे, बहुतेक तुझ्या आईने. तुझ्या बाबांसमोर ते कधी कुणी म्हटलं नाही. त्या दिवशी दादा तापाने फणफणला होता म्हणून महादू एकटा होडी घेऊन गेला. होडी काळ्या डोहात उपडी सापडली, महादू सापडला नाही. आमची आई शेवटपर्यंत एकच धरून बसली होती, माझ्या पोराचे डोळे कुणी मिटले असतील. दादाने मात्र ना दहावा होऊ दिला ना सुतक धरू दिलं. म्हणाला, तो यायचा हाय, त्याला मारू नका. मोठा भाऊ बोलला, आम्ही ऐकलं. आम्ही कुणी त्याच्या नावाची आंघोळसुद्धा केली नाही.

पुढे संसारात तो हे विसरल्यासारखा झाला होता. आता बाकीचं विसरतोय आणि हे तेवढं वर येतंय, याची मला भीती वाटते. ते नाव आधी काढून टाक. दाराला वरची कडी लाव. आणि तो भरती-ओहोटीचं विचारायला लागला तर मला त्याच दिवशी कळव, धनेशची वाट बघू नकोस, दुसऱ्या कुणाच्याही हाती चिठ्ठी दे.

तुझा उत्साह मोडला याचं वाईट वाटतं. पण तुला घाबरवणं मला भाग आहे.

माया आहे, म्हणून बोलते आहे.

तुझी,
सीताआत्या


कामतघर,
३१ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच मी घोळ घालून बसले होते. बाबांना पडद्यासमोर बसवून ठेवावं तर मला काम करता येत नाही, म्हणून नाक्यावरच्या दुकानातून तो नकाशा मोठ्या फ्लेक्सवर छापून आणला आणि त्यांच्या खाटेसमोर लावला. मध्यंतरी लेखिकेने सगळं बेट आरशात दिसतं तसं उलटं करून मागितलं होतं, तिच्या गोष्टीत सूर्य बंदराच्या दुसऱ्या अंगाला मावळतो म्हणे. ते एका टिचकीचं काम, मी करून दिलं आणि छापलाही तोच. फ्लेक्स लावला त्या दिवशी बाबा बराच वेळ आपले दोन्ही तळहात आलटूनपालटून बघत उभे होते. मला वाटलं, हात दुखत असतील.

आता सकाळी उठले की तोंडही न धुता त्या फ्लेक्ससमोर उभे राहतात आणि बोट फिरवत वाट पाठ करतात. तू लिहिलंस तसं नाव काढायचं म्हणून मी त्यावर कागद चिकटवला. त्यांनी तो नखाने खरवडून काढला. परवा अमावास्या होती. त्यांनी मला विचारलं, पानी कवा चढंल. आत्या, तुला लगेच चिठ्ठी धाडणार होते.

त्याच दिवशी दुपारी मी वीजबिलवाल्याला दार उघडलं आणि कडी लावायची राहिली. बाबा गेले. मी चाळीतून, लूमच्या शेडांमधून, नाक्यापर्यंत वेड्यासारखी धावले. लूमच्या खडखडाटात माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. शेवटी एक रिक्षावाला त्यांना घेऊन आला. तो म्हणाला, चाचा कशेळी के खाड़ीवाले पुल पे उतरने को बोल रहे थे, वहाँ कोई भाई खड़ा है बोले, मुझे ठीक नहीं लगा. पैसेही घेईना. मी त्याच्यासमोरच रडले.

फ्लेक्स काढून टाकू का? काढायला हात लावला तर बाबा लहान मुलासारखे हुंदके देतात. मला काहीच सुचत नाही. रागाव, पण लवकर लिही.

तुझी,
मृणाली


खारबाव,
२ फेब्रुवारी २०२५

चि. मृणालीस,
अनेक आशीर्वाद.

रागावू कशी, मी तुझ्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. फ्लेक्स काढू नकोस. भिंतीवर दिसत नाही म्हटल्यावर तो बाहेर शोधायला जाईल. कडीला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्या गळ्यात घाल.

पौर्णिमा जवळ आली आहे. उधाणाच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर त्याला एकटं सोडू नकोस, कामं गेली चुलीत. मी इकडे बंदरावर विशालला सांगून ठेवलं आहे. आता आपल्या गावात होडी चालवणारा तो एकटाच उरलाय. त्याला म्हटलं, दादा दिसला तर कितीही विनवलं तरी होडी सोडायची नाही. विशाल म्हणाला, होडी न्हाय दिली तं काका बांधावरून चालत जातील, त्यांना वाट हाय ठावी. तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ बंदरावर एक फेरी मारते. ऐकू येत नसलं तरी लांबचं दिसतं अजून.

जिवाला जप, त्याच्या आणि तुझ्याही.

तुझी,
सीताआत्या


खारबाव,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. मृणालीस,
अनेक आशीर्वाद.

दादा आता झोपला आहे. ताप नाही. पायाला शिंपले लागून कापलं होतं, ते धुऊन हळद भरली. दोन दिवस इथेच राहू दे, मग धनेश आणून सोडेल. तू फोनवर धनेशला जे काय सांगितलंस त्यातलं मला निम्मंच कळलं आहे, म्हणून माझ्या बाजूने काय झालं ते लिहिते. बाकीचं तू लिही.

दादा काकुळतीने कुणाकडे काही मागत आला असता तर लोकांनी थांबवला असता. पण तो फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून बसमध्ये चढला. लोकांना वाटलं, कुठल्यातरी सभेचे बॅनर लावणारा म्हातारा आहे. कंडक्टरने जागा करून दिली. खारबावला उतरून तो सरळ बंदरावर गेला. विशाल दुसऱ्या काठाला होता, त्याने लांबून पाहिलं आणि धनेशला फोन केला. तोवर दादा दिसेनासा झाला होता, आणि पाणी चढायला लागलं होतं.

आम्ही सगळे उजव्या हाताला धावलो. चिंचेचा बांध, खडपी, काळा डोह. विशालने होडी डोहाच्या तोंडापर्यंत नेली. मी बांधावर बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. मला काही ऐकू येत नव्हतं आणि माणसांची तोंडं नुसती हलत होती. मृणाली, मी मनात दादाला पोचवून आले होते. मग धनेशचा फोन वाजला असावा, कारण तो एकदम उलटा पळत सुटला. डावीकडे, मिठागरांकडे. तिकडे दादा कशाला जाईल असं सगळ्यांना वाटलं, कारण तिकडे आमची होडी कधी गेलीच नाही.

तो तिथेच होता. मिठागराच्या कोरड्या बांधावर, फ्लेक्स मांडीवर पसरून. मला बघितल्यावर म्हणाला, सीते, खाडी न्हाय गावत, कुनी हलवली. मी त्याच्याशेजारी चिखलात बसले. डोहाच्या वाटेवरचा बांध तोपर्यंत पाण्याखाली गेला होता.

तू डावीकडे जा म्हणून कसं सांगितलंस?

काळजीने अर्धी झालेली,
सीताआत्या


कामतघर,
१४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लेखिकेशी व्हिडिओवर बोलणं चाललं होतं. किल्ली गळ्यातच होती, पण बाबांनी कुलूप उघडलं नाही, कडीचे स्क्रूच पिळून काढले. मी बाहेरच्या खोलीत आले तर कडी जमिनीवर आणि भिंत रिकामी. धनेशदादा मला फोनवर म्हणाला, तू घरीच थांब, ते परत आले तर कुणीतरी हवं. ते थांबणं मी जन्मात विसरणार नाही. रिकाम्या भिंतीसमोर बसले होते, आणि पडद्यावर तोच नकाशा उघडा होता.

बघता बघता लक्षात आलं. माझ्या पडद्यावर महादूची खाडी बंदराच्या डावीकडे होती. तू लिहिलं होतंस उजवीकडे. मी बेट उलटं केलं होतं ना. बाबांची स्वतःची आठवण उजवीकडे सांगत होती म्हणून तर ते त्या दिवशी तळहात बघत उभे होते. मग त्यांनी छापलेल्यावर विश्वास ठेवला आणि पंधरा दिवस तेच पाठ केलं. तेव्हा ते डावीकडेच गेले असणार. मी धनेशदादाला फोन केला, डावीकडे बघा म्हणून. ज्या नकाशाने त्यांना घराबाहेर काढलं त्यानेच वाट चुकवली, आणि मी तो उलटा केला होता निव्वळ एका परक्या बाईच्या सूर्यासाठी. बरं झालं असं म्हणायलाही जीभ रेटत नाही.

बाबांना म्हणावं, मी वाट बघते आहे. नवी कडी बसवली आहे, स्क्रू बाहेरून.

तुझी,
मृणाली


खारबाव,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. मृणालीस,
अनेक आशीर्वाद.

धनेशबरोबर दादाला पाठवते आहे. पण त्याआधी हे वाच, आणि वाचून झाल्यावर पत्र त्याच्या हाती लागू देऊ नकोस.

काल जेवताना दादा घास हातात धरून थांबला. उजवा हात बघितला, डावा बघितला. मग धनेशला म्हणाला, आमची होडी उजव्या अंगाला जायाची, माझीच चूक झाली, आता न्हाय चुकायचो. आणि पुढचं उधाण कधी ते विचारलं. मला ऐकू येत नाही म्हणून माझ्यासमोरच विचारलं, पण त्याचे ओठ मला वाचता येतात. आता त्याला खरी वाट ठाऊक आहे, पोरी. उलटा नकाशा दुसऱ्यांदा वाचवायचा नाही.

महिनाअखेर अमावास्या आहे. कडीकुलपाने किती दिवस धरशील? तो जातो तो महादूला आणायला. मग महादूच इकडे येतोय असं त्याला दिसलं, तर तो कशाला जाईल? तुझ्या मशीनमध्ये तू समुद्र केलास, तर एक होडी कर. ती रोज थोडी थोडी बंदराकडे येऊ दे. हे खोटं आहे, मला कळतं. मुलांना खोटं सांगू नये असं मी आयुष्यभर शिकवलं. पण एक भाऊ त्या पाण्याने नेला आहे, दुसरा मी देणार नाही.

तुझ्यावर भार टाकते आहे, तो उचल.

तुझी,
सीताआत्या


कामतघर,
३ मार्च २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. बेट परत सुलटं केलं आणि एका वेगळ्या लेयरवर होडी काढली, बाबांनीच सांगितली तशी, पुढच्या टोकाला नाळेवर लाल पट्टा. पहिल्या दिवशी ती काळ्या डोहाच्या तोंडाशी ठेवली. बाबा बघत राहिले आणि म्हणाले, निंगला. रोज सकाळी ते उठायच्या आधी मी ती बोटभर पुढे सरकवायची. ते दिवसभर पडद्यासमोर बसायचे. दाराकडे बघतही नव्हते. मी पुष्कळ दिवसांनी धड जेवले.

पण होडी खडपी ओलांडून बांधाला आली आणि मला नवीच भीती लागली. बंदराला लागली की पुढे काय? दारात कोण येणार? म्हणून मी ती बंदराच्या अलीकडे अडवली. बाबा रोज बघायचे. अमावास्येला मी पलंग दाराला लावून त्यावर बसून राहिले. ते उठले नाहीत. त्याने मला धीर यायला हवा होता, उलट भीती वाढली.

काल सकाळी मी अडवलेली होडी पुन्हा जराशी सरकवायला बसले तर ते मागे उभे. मला खोटं करताना त्यांनी पकडलं, आत्या. मी माउस सोडला. ते रागावले नाहीत. शेजारी बसले आणि म्हणाले, तो वल्हवत न्हाय, तू ढकलतेस. मग म्हणाले, होडीत पानी हाय.

त्यांनी विचारलं, होडीचा कागद कंचा. मी दाखवला. त्यांनी माझ्या हातातला माउस घेतला. बाण पडद्यावर कुठेच टिकेना. मी मनगट धरायला गेले तर त्यांनी मला दूर केलं. मग बाण कागदाशेजारच्या त्या बारीक डोळ्यावर नेला आणि टिचकी मारली. डोळा मिटला आणि होडी गेली. नुसतं पाणी राहिलं. बाबा म्हणाले, नीज महादू. मग मला म्हणाले, चा टाक.

लेखिकेला नकाशा पुन्हा उलटा करून पाठवला, होडीशिवाय. फाइलमध्ये तो डोळा मिटलेला आहे आणि तो उघडून बघायचं धाडस मला होत नाही. बाबा कालपासून पुष्कळ झोपतात. पाण्याचं विचारत नाहीत. हे बरं आहे की वाईट, तेही मला कळत नाही. मी घाबरायचं की नाही, तू सांग.

तुझ्या मायेवर सगळं टाकून मोकळी झालेली,
मृणाली


खारबाव,
५ मार्च २०२५

चि. मृणालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अंगणात उभ्यानेच वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात.

घाबरायचं की नाही विचारलंस. थोडं घाबर. कडी काढू नकोस, दादा आज शांत आहे आणि उद्याचं कुणी सांगावं. पण त्याने काय केलं ते मला कळलं. आमच्या आईला जाऊन किती वर्षं झाली, तिच्या पोराचे डोळे मिटले हे तिच्यापर्यंत पोचवता आलं असतं तर बरं झालं असतं.

आपल्यात माणूस गेल्याची बातमी कितीही उशिरा कळली तरी कळल्यावर डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. दादाने आम्हाला ते कधी घेऊ दिलं नाही. आज पत्र घडी करून ठेवलं, चुलीवर हंडा चढवला आणि न्हाणीत बसून डोक्यावरून पाणी घेतलं. धनेशने कशाला म्हणून विचारलं, त्याला सांगितलं, तुझा महादूमामा गेला.

उद्या सकाळी दादालाही आंघोळ घाल, डोक्यावरून. पाणी फार कढत नको, त्याला सोसत नाही. कुणाची आंघोळ म्हणून त्याने विचारलं तर सांग. नाही विचारलं तर सांगू नकोस, नुसतं पाणी घाल.

तुझी,
सीताआत्या